एक बैल बाकी

चितुंगविझा, १४ एप्रिल १९९६

जैरोस,

ईस्टरला तू भरल्या ताटावरून उठून गेलास त्याला आज आठवडा झाला. ती कोंबडी मिळवायला मला काय काय करावं लागलं ते तुला माहीत नाही. घरमालकीण चिगुंबूबाई भाडेकरूंना शेगडी मोजून देते. कडधान्य शिजवायला तर बंदीच आहे, वीज जळते म्हणून. "गावाहून, गुटूहून भाऊ येतोय" म्हटल्यावर तिने तोंड वाकडं करत कोंबडीला परवानगी दिली. आणि तू हात धुऊन बसलास, पहिला घास मोडलास आणि बोललास काय, तर "ज्याला स्वतःचं गाव नाही त्याच्याकडून गुरं कुठून येणार?" ते पण लॅस्टनच्या तोंडावर, त्याच्याच टेबलाशी बसून.

तो काही बोलला नाही. तू गेल्यावर त्याने तुझं ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी आमच्या लेकराला, रुवाला वाढलं. "अन्न टाकायचं नाही," एवढंच म्हणाला. तुझ्या अंगात लाज असेल तर ती इथे उपयोगाला आण.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि बाबांना द्यायची देजाची सहा गुरं अजून आली नाहीत, आईची गायही नाही. बहिणीच्या गुरांवर भावाचं लग्न होतं, हे मला तू शिकवायला नको. पण लॅस्टनचा आजोबा न्यासालँडहून, म्हणजे आताच्या मालावीहून, खाणीत कामाला आला होता. त्यांच्यात गुरं देत नाहीत. जावई सासऱ्याच्या गावी जाऊन राहतो, त्याच्या शेतात राबतो, झालं. लॅस्टन जन्मला खाणीच्या चाळीत. खाण बंद पडली तशा चाळीही पाडल्या. आता तिथे गवत आहे. त्याला गाव नाही हे खरंच आहे रे. म्हणून तर माणूस घर घर करतो.

आणि ते आता हाताशी आलंय. नगरपालिकेच्या यादीत आमचं नाव लागलं. चार खोल्या, मागे भाजीपुरती जागा. सप्टेंबरअखेर अनामत भरायची. बचत संस्थेत आम्ही जे साठवलंय ते जेमतेम तेवढंच आहे. त्याच पैशात सहा गुरं आणि गाय येते, हे तुझ्याआधी मी मोजून बघितलंय. दोन्ही होणार नाही. एकच होईल.

तू म्हणशील, ताईला शहरात राहून घराची हौस आली. हौस नाही जैरोस. आठ वर्षांत बाबांनी माझा उंबरा ओलांडलेला नाही. कसा ओलांडतील? एकच खोली, आणि जिथे मुलीची-जावयाची खाट आहे तिथे बाप पाऊल टाकत नाही. दोनदा डोळे दाखवायला हरारेला आले आणि म्बारेत आत्याकडे राहून परत गेले. मी बसने डबा घेऊन गेले. माझ्या हातचं ते दुसऱ्याच्या घरात बसून जेवले. मला एकदा, एकदाच, त्यांना माझ्या घरात खुर्चीवर बसवून वाढायचंय. म्हणून विचारते, वर्षभर थांबशील का?

रागावलेली,
ताई


चितुंगविझा, १६ जून १९९६

जैरोस,

तुझं उत्तर नाही. उत्तराच्या जागी आत्या आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तुझा भाऊ मुका झालाय, म्हणून मला म्हातारीला दोन बस बदलून यावं लागलं."

मग तिने शुवाईचं सांगितलं. तू का सांगितलं नाहीस? एप्रिलमध्ये माझ्यासमोर बसला होतास तेव्हा तुला माहीत होतं. एवढं पोटात ठेवून लॅस्टनला टोमणा मारण्यापेक्षा "ताई, मी बाप होणार आहे" म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?

"तिचा बाप काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय म्हणणार? गुरं आणा, नाहीतर पोर इथेच जन्मेल आणि आमचं नाव लावेल म्हणतो. आणि तुझ्या बापाच्या गोठ्यात आहे काय? दुष्काळाने दोन गाई ठेवल्यात, त्याही बरगड्या दाखवतात."

लॅस्टन पडद्यापलीकडे कामाचा डगला इस्त्री करत होता. तो बाहेर आला, आत्यासमोर उकिडवा बसला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून त्याने तिला मान दिला. त्याला हे सगळं येतं, हे तू कधी बघितलं नाहीस. म्हणाला, "आत्या, सगळी मिळून किती द्यायची राहिलीत?"

"सगळी? सगळी कोण मागतंय, जावईबापू? तीन पाठवा. पोराचं लग्न उरकेल. बाकीची राहू देत."

"राहू देत म्हणजे कधीपर्यंत?"

"राहू देत म्हणजे राहू देत. याला कधीपर्यंत काय?"

आत्याला बसमध्ये बसवून आम्ही दोघं चालत परत येत होतो.  पेट्रोल पंपापाशी आल्यावर तो म्हणाला, "तीन दिली तरी अनामत मोडतेच. घर जातंच. मग सहाच्या सहा देतो, आईची गाय देतो, आणि मोकळा होतो."

मी म्हटलं, "अरे, आमच्यात सगळं फेडत नाहीत. एखादं जनावर मागे ठेवायचं असतं."

"का?"

"असंच असतं."

"असंच असतं हे उत्तर नाही, नेत्साई. आपलं कपाट आठवतंय? दोन हप्ते राहिले होते, दुकानाने ट्रक पाठवला आणि कपड्यांसकट उचलून नेलं. बाकी ठेवली की कुणीतरी दारात येऊन बोलतो. तुझा भाऊ बोललाच ना?"

मी पुन्हा एकदा सांगून बघितलं. पण खरं सांगू, का ठेवायचं ते मलाही सांगता येईना. आईने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आणि तुझं ते वाक्य त्याच्या मनात इतकं रुतून बसलं होतं की त्याच्यापुढे माझी रीतभात काय टिकणार.

शेवटी मी हो म्हटलं. तुझ्या पोराला आपलं नाव मिळायला हवं. माझ्या चार खोल्या थांबतील. पोर थांबत नाही. शुवाईला सांग, धीर धर. तिच्या बापालाही सांग, गुरं येताहेत.

घराचं बघू. त्याची काळजी तू करू नकोस.

ताई


चितुंगविझा, १ सप्टेंबर १९९६

जैरोस,

तू तिथे होतास आणि मी नव्हते. म्हणून तू जे पाहिलंस ते मला लिही. मला लॅस्टनने सांगितलं तेवढंच माहीत आहे, आणि तो आता त्या विषयावर बोलत नाही.

बिआट्रिस गावच्या गुरांच्या बाजारातून जनावरं ट्रकमध्ये चढवली तेव्हा मी गेले होते बघायला. लॅस्टनने प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला. जन्मात त्याने गुरं पाळली नाहीत, पण निवड चांगली केली ना? आईच्या गायीला तर मी स्वतः बघून पसंत केलं. त्याने लग्नातला सूट घातला आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला. सोबत मध्यस्थ म्हणून आपले होवेकाका. बाबांचा कोट, आईचं घोंगडं, लग्नात मागे पडलेली दंडाची रक्कम, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. आठ वर्षांत मी त्याला इतका ताठ चालताना बघितलं नव्हतं.

परत आला तो वेगळाच माणूस. सूट काढला, घडी घातली, खाटेवर बसला. म्हणाला, बाबा सगळा वेळ गप्प होते. होवेकाकांनी एकेक जनावर दाखवलं, बाबांनी मान हलवली. शेवटी काकांमार्फत एकच विचारलं, "काहीच शिल्लक नाही?" काका म्हणाले, "काहीच नाही." त्यावर बाबांनी टाळी वाजवली नाही, आभार मानले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. लॅस्टन जेवायला बसला तेव्हा त्याच्यासोबत यजमान म्हणून तू बसला होतास म्हणे. तू तरी त्याच्याशी बोललास का? त्याने सांगितलं नाही.

आणि आठ दिवसांनी आत्याचा निरोप. "दादाने पाचच ठेवलेत. पांढऱ्या कपाळाचा बैल बाजूला बांधलाय. म्हणतो, हा माझा नाही, मी मोजलेला नाही."

लॅस्टनने निरोप ऐकला आणि हसला. तसलं हसू मला बघवत नाही. म्हणाला, "बघ. माझ्या पैशालाही वास येतो तुझ्या बापाला. खाणीतल्या चाळीचा वास. सगळं आणून ओतलं तरी एक परत फेकायचा राहिलाच." मग म्हणाला, "तुझं माहेर आहे, तू जात जा. मी त्या अंगणात पुन्हा उभा राहणार नाही."

मी बाबांची मुलगी आहे. मला वाटत नाही की ते असे आहेत. पण आमच्या लग्नाला ते राजी नव्हते, "पोरी, तो माणूस उद्या निघून गेला तर त्याला शोधायला मी कुठल्या गावी जाऊ?" असं म्हणाले होते, हेही मी विसरलेले नाही. म्हणून रात्रंदिवस तेच तेच मनात घोळतं. बाबांनी त्याचा अपमान केला असेल तर मी कुणाच्या बाजूने उभी राहू? रुवाचा बाप तो आहे.

घराविषयी विचारशील तर विशेष काही नाही. महिना आहे अजून.

शुवाईच्या घरी गुरं पोचली असतील. तिला आपल्या घरी आणलंस का?

उत्तर दे जैरोस. या वेळी मी हात जोडून मागते आहे.

ताई


चितुंगविझा, १० नोव्हेंबर १९९६

प्रिय जैरोस,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी आधी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं, कारण या घरात रडायला दुसरी जागा नाही. बाहेरून चिगुंबूबाई ओरडत होती, पाणी किती वापरतेस म्हणून. मी नळ सोडलाच नव्हता.

मुलगा झाला. आपल्या घरात झाला, आपल्या नावाचा झाला. शुवाईने मला निरोप दिलाय की "नणंदबाईंच्या गुरांनी मला इथे आणलं, पोराला आधी त्यांच्या मांडीवर ठेवीन." तिला म्हणावं, मांडी तयार आहे.

आता बाबांचं. तू लिहिलंस ते मी चारदा वाचलं. लॅस्टनचा ट्रक गेल्यावर बाबा गोठ्यापाशी तुला म्हणाले, "शेवटचं जनावर आणून देणारा माणूस आपल्या मागे दार लावून जातो. मी काय मुलगी विकली? मला एकच जावई आहे." आणि त्या बैलाला ते कुणाला औताला जुंपू देत नाहीत, स्वतःच्या हाताने चारा घालतात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, हा जावयाचा, अजून यायचाय.

आईने मला जे कधी सांगितलं नाही ते असं तुझ्या पत्रातून कळलं. पण जैरोस, हे बाबांनी तेव्हाच तोंडाने बोलायला काय हरकत होती? आपल्या घरातल्या पुरुषांना बोलायला पैसे पडतात का? तू सात महिने गप्प, ते तीन महिने गप्प, आणि मधे आमचा संसार.

मी लॅस्टनला पत्र वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुझा भाऊ आता बायको घरी आल्यावर गोड लिहितोय." मी म्हटलं, तो खोटं लिहीत नाही. तर म्हणाला, "माया होती तर माझ्यापाशी बोलायचं. मी तिथेच उभा होतो." 

आणि आता तुला खरं सांगते. घर गेलं. सप्टेंबर संपला, आम्ही अनामत भरली नाही, यादीतलं पुढचं नाव लागलं. एक शिक्षक नवरा-बायको आहेत, दोन मुलं. मागच्या रविवारी मी त्या रस्त्याने मुद्दाम गेले. त्यांनी खिडक्यांना पडदे लावलेत. मागच्या जागेत मक्याची पेरणी चाललीये. माणसं चांगली दिसली. मला त्यांचा राग आला नाही, पण त्या रस्त्याने मी परत जाणार नाही.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तुझ्या मुलाला सांगू नकोस कधी.

ताई


चितुंगविझा, १६ फेब्रुवारी १९९७

प्रिय जैरोस,

तू बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यासाठी बसमध्ये बसवलंस. ते म्बारेला उतरून आत्याकडे जातील असं तुला सांगून गेले. गेले नाहीत. मागच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी मी नळावरून आले तर चिगुंबूबाईच्या अंगणात अव्होकाडोच्या झाडाखाली आपले बाबा बसलेले. तिने स्वतःच्या बैठकीतली गादीची खुर्ची बाहेर काढून दिली होती. त्या खुर्चीला ती आम्हाला हातसुद्धा लावू देत नाही.

"बाबा, आत..." म्हणता म्हणता मी थांबले. आत कुठे?

"इथे सावली आहे," बाबा म्हणाले. "तुझा नवरा केव्हा सुटतो?"

उजव्या डोळ्याने त्यांना आता फक्त उजेड कळतो. डावाही डॉक्टरांच्या मते फार दिवसांचा नाही. तुला हे त्यांनी सांगितलं आहे का मला माहीत नाही, म्हणून लिहिते.

लॅस्टन बेकरीतून सायकलवर आला. फाटकातून आत आला आणि त्याने बघितलं. मला वाटलं, हा असाच मागे फिरणार. त्याने सायकल भिंतीला लावली, पाव खाली ठेवला, आणि तिथेच फाटकाजवळ उकिडवा बसून टाळ्या वाजवल्या. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सासरा जावयाशी थेट बोलणार कसा, आणि होवेकाका तिकडे गावी, गुटूला.  मग बाबा घरमालकिणीकडे वळले.

"बाई, तुम्हाला आमच्यामधे दोन शब्द बोलता येतील का?"

चिगुंबूबाईने डोक्याचं फडकं नीट केलं. "येतील की. त्यात काय."

"त्यांना सांगा, त्यांच्याकडे माझा एक बैल बाकी आहे."

दोघांत दहा पावलांचंही अंतर नव्हतं. बाई तरी वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ते म्हणतात, तुमच्याकडे एक बैल बाकी आहे."

"सांगा, मी सगळं दिलंय. होवेकाका साक्षीला आहेत."

"सगळं दिलंय म्हणतात. साक्षीदार आहे."

"सांगा, मी पाच मोजले. सहावा माझ्या गोठ्यात त्यांचा म्हणून खातोय. तो अजून मला मिळालेला नाही."

लॅस्टनचा चेहरा मी बघत होते. तो खाली मान घालून बसला होता. तसाच म्हणाला, "विचारा, मुदत किती?"

बाईने विचारलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"मुदत? मी काय दुकानदार आहे? त्यांना सांगा, ज्याचं सगळं फिटलं तो माझ्या दारात कशाला येईल? आणि मी त्याच्या दारात काय म्हणून जाऊ? लोक विचारतील, म्हातारा मुलगी विकून बसलाय, आता इथे काय ठेवलंय त्याचं? काहीतरी बाकी असलं की येणं-जाणं राहतं. मला एकच मुलगी आहे. मला एकच जावई आहे." मग दम खाऊन म्हणाले, "आणि हेही सांगा. आज मी मागायला आलो तर तुमच्या खुर्चीवर बसलोय. परक्या बाईच्या. त्यांना म्हणावं, आधी मला बसायला जागा करा. बैल नाही आला तरी चालेल."

चिगुंबूबाईने हे सगळं सांगितलं. शब्द तिचे होते, मधे तिने दोन वाक्यं स्वतःचीही घातली. "आणि मी म्हणते, म्हातारा बरोबर बोलतोय." मध्यस्थाने असं बोलायचं नसतं, पण तिला कोण अडवणार.

लॅस्टनने पुन्हा टाळ्या वाजवल्या. म्हणाला, "सांगा त्यांना, हिशेब बरोबर आहे. मी देणं लागतो."  तो उठून घराच्या मागे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले नाही.

बाबांना मी झाडाखालीच वाढलं. मक्याच्या पिठाचा सादझा, पालेभाजी, सुकी मासळी. शेगडी किती वेळ चालली ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. ते सगळं जेवले. मग लॅस्टनने त्यांना सायकलवर नव्हे, टॅक्सी करून आत्याकडे पोचवलं.  उतरताना बाबांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला म्हणे.

रात्री मी त्याला विचारलं, डिसेंबरचा बोनस तू दुसरा बैल पाठवायला बाजूला ठेवला होतास ना, अपमान धुऊन काढायला? तो हो म्हणाला. मग म्हणाला, "तो घरात घालू." त्यावर आमचं भांडण झालं नाही, चर्चाही झाली नाही.

तू मनात काही मोठं धरू नकोस. आमचं नाव आता यादीत तळाला जाईल. किती वर्षं लागतील हे कुणी सांगत नाही. घर होईल तेव्हा ते बाबांना दिसेल असं मला वाटत नाही. भिंतींना हात लावून बघतील, खुर्चीवर बसतील. तेवढं व्हावं, अशी मी रोज प्रार्थना करते.

लॅस्टन सोमवारी सकाळी नगरपालिकेत गेला. मी सोबत होते. खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारलं, नोकरी विचारली, मग मूळ गाव विचारलं. मागच्या खेपेला लॅस्टनने खाणीचं नाव सांगितलं होतं आणि कारकून "ती तर खाण झाली, गाव नव्हे" म्हणून पुढच्या रकान्याकडे वळला होता. या वेळी लॅस्टन म्हणाला, "गुटू."

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "म्बेवे आडनाव, आणि गुटूचे? तिथे कोण तुमचं?"

"सासरे," लॅस्टन म्हणाला. "त्यांचा एक बैल माझ्याकडे बाकी आहे."

कारकुनाने आणखी काही विचारलं नाही. गुटू लिहून घेतलं.

मागच्या ईस्टरला तू त्याच्या गावावरून जे बोललास त्यावर तो तेव्हा गप्प बसला होता. म्हणून तुला हे कळवलं.

तुझी ताई,
नेत्साई